जुन्या व्यंगपटांचा जीर्णोद्धार
विल्यम हॅना व जोसेफ बार्बेरा यांनी १९४० साली एमजीएमच्या चित्रशाळेत जन्मास घातलेल्या टॉम आणि जेरीची ओळख ज्यांना केवळ दूरचित्रवाणीवरील विटक्या प्रतींतून झाली, त्यांनी २०११ सालच्या ब्लू-रे तबकड्यांवरील पहिले ३७ लघुपट अवश्य पाहावेत. त्या काळी प्रत्येक चित्र लाल, हिरव्या व निळ्या गाळण्यांतून एकाच कृष्णधवल फितीवर लागोपाठ तीनदा टिपले जाई. ही त्रिविध रूपे संगणकावर तंतोतंत जुळविली की रंग पुनश्च सतेज होतात. परंतु १९७८ साली रॉचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन हाउसमधील आगीत अनेक मूळ फिती भस्मसात झाल्याने पुष्कळदा दुय्यम प्रतींवरच विसंबावे लागते. फितीचे नैसर्गिक कण मळ समजून पुसताना शाईची नाजूक रेषाही झिजविणे, हे मात्र दप्तरखान्यातील अस्सल दस्तऐवजावर खाडाखोड करण्याइतकेच अक्षम्य होय.