सुधाकराचा गुन्हा आणि तळीरामाचा वाटा

राम गणेश गडकरी निवर्तल्यास महिनाही उलटला नव्हता, तोच १९१९ च्या फेब्रुवारीत गंधर्व नाटक मंडळीने त्यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक रंगभूमीवर आणले. आणि तेव्हापासून मराठी प्रेक्षक एकाच फिर्यादीचा निवाडा करीत आला आहे, की पोटच्या पोराचा व सिंधूसारख्या साध्वी पत्नीचा घात करणाऱ्या सुधाकराचा अपराध त्याचा स्वतःचा किती, आणि पहिला प्याला हाती देणाऱ्या त्याच्या कारकुनाचा, तळीरामाचा, किती?

प्रारंभीच्या मद्यपाननिषेधाच्या काळात सारा दोष संगतीच्या माथी मारला गेला. पुढे १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने तो गुत्त्यावर ठेवला. सोलापुरात, जेथे १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीभोवती कामगारांची वस्ती वाढली, तेथे गुत्ता उठला की संसार तगेल ही आशा मुळीच अनाठायी नव्हती. तथापि कायद्याचा अंमल सुरू झाला तरी हातभट्टी विझली नाही. १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले आणि व्यसनाकडे आजार म्हणून पाहण्याची दृष्टी आपल्याकडे रुजू लागली. २०२१ मध्ये सोलापूर ग्रामीण पोलिसांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ हाती घेऊन मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी केवळ भट्ट्या न फोडता भट्टीवर पोट भरणाऱ्या कुटुंबांना दुसरा रोजगार मिळवून देण्याची खटपट आरंभिली, हे मला या साऱ्या प्रवासातले सर्वांत शहाणपणाचे पाऊल वाटते. कारण दारू गाळणाऱ्यालाही परिस्थिती असते, हे तेथे प्रथम मान्य झाले.

परिस्थिती सुधाकरालाही होती. भर न्यायालयात मुन्सफाशी उडालेला खटका, त्यापायी हातची गेलेली वकिलीची सनद, मानी मनाला झालेली ती जखम आणि नेमक्या त्या घटकेला पुढे आलेला तळीराम, एवढे सारे बाहेरचेच. पश्चात्ताप होऊन तो काम मागावयास निघाला तेव्हा प्रतिष्ठितांनी त्याला झिडकारले, हा तर मला तळीरामाच्या आग्रहाहून मोठा अपराध वाटतो, आणि त्याची फिर्याद आजवर कोणी नोंदविलेली नाही.

परंतु गडकऱ्यांनी तळीरामाला अखेरच्या अनर्थापूर्वीच मारून टाकले आहे. मॅकबेथला भुलविणाऱ्या चेटकिणी काय किंवा हा कारकून काय, वाट दाखवून ते दूर होतात. प्रहार करणारा हात मात्र सुधाकराचाच उरतो. सिंधू मरतामरता पतीला वाचविण्यासाठी खोटी जबानी देते. त्या जबानीचा आसरा न घेता तो स्वहस्ते विष प्राशन करतो.