जनसंपर्काच्या व्यवसायात पाऊल टाकताना

पदवी पदरात पडल्यावर जनसंपर्काच्या क्षेत्रात शिरावे असे मनात आणणाऱ्या तरुणांची बहुधा अशी समजूत असते की, चारचौघांत मोकळेपणाने बोलता येणे, हसतमुख असणे आणि ओळखीपाळखी वाढवणे एवढ्या भांडवलावर या व्यवसायात निभाव लागतो. हे गुण उपयोगी आहेत यात शंका नाही. परंतु ज्याच्या बळावर जनसंपर्क अधिकाऱ्याचा शब्द वृत्तपत्राच्या कचेरीत ग्राह्य धरला जातो आणि ज्याच्या अभावी उत्तम वक्तृत्वही वाया जाते, तो गुण निराळाच आहे. या व्यवसायाच्या एका आद्य प्रवर्तकाच्या चरित्रात त्याची दोन्ही अंगांनी साक्ष मिळते.

आयव्ही ली हा मूळचा न्यूयॉर्कमधील वार्ताहर. ती नोकरी सोडून त्याने बड्या कंपन्यांच्या वतीने वृत्तपत्रांशी व्यवहार करण्याचे काम पत्करले आणि १९०६ साली कोळसा खाणमालकांची बाजू मांडताना संपादकांकडे एक जाहीरनामा धाडला. आपले काम उघडपणे चालेल, पुरवलेली माहिती बिनचूक असेल आणि अधिक तपशील हवा असल्यास तो तत्परतेने दिला जाईल, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षी २८ ऑक्टोबर रोजी अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या अखत्यारीतील एक गाडी पुलावरून पाण्यात कोसळून ५०हून अधिक माणसे मृत्यू पावली. अपघाताची वार्ता होता होईल तो दडपावयाची, हा त्या काळच्या रेल्वे कंपन्यांचा शिरस्ता. लीने तो मोडला, कंपनीच्या वतीने घडल्या प्रकाराची हकीकत लिहून वार्ताहरांच्या हाती दिली आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ती जशीच्या तशी छापली. आधुनिक प्रसिद्धीपत्रकाचा उगम पुष्कळ अभ्यासक याच कागदात पाहतात.

नवशिक्याची पहिली परीक्षा आजही प्रसिद्धीपत्रकावरच होते. समजा, जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी एखाद्या गावचा पाणीपुरवठा एक दिवस बंद राहणार आहे. मसुदा कच्च्या हाताचा असेल, तर त्याचा आरंभ नगराध्यक्षांच्या नावाने आणि त्यांच्या बहुमोल मार्गदर्शनाच्या गौरवाने होतो, आणि कोणत्या पेठेत किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत पाणी येणार नाही, ही ज्यासाठी माणूस बातमी वाचतो ती गोष्ट अगदी शेवटच्या ओळीत सापडते. रात्रपाळीच्या उपसंपादकाला जागा कमी पडली की तो खालून कात्री लावतो आणि नेमकी तीच ओळ उडते. जाणत्या हाताच्या मसुद्यात पेठा आणि वेळ पहिल्या वाक्यात, कारण दुसऱ्यात, टँकरची व्यवस्था तिसऱ्यात, आणि अधिक चौकशी कोणाकडे करावी हे अखेरीस असते. असा मसुदा रोज लिहावा, वरिष्ठांकडून तपासून घ्यावा आणि छापून आल्यावर मुळाशी ताडून पाहावा. वर्षभराच्या या सरावाने जे साधते ते नुसती पुस्तके वाचून साधत नाही.

पत्रक रवाना झाले म्हणजे काम संपले, असेही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वृत्तपत्रांची कात्रणे काढताना वाचकांच्या पत्रव्यवहारात ‘पाणी सांगितलेल्या वेळेनंतरही आले नाही’ अशी तक्रार आढळली, तर ती फाईलला लावून स्वस्थ न बसता अभियंत्याच्या मेजावर नेऊन ठेवणे, खरे कारण विचारून घेणे आणि चूक झाली असेल तर ती कबूल करणारा खुलासा त्याच दिवशी पाठवणे, हे या कामाचे दुसरे आणि अधिक कठीण अर्धांग आहे. संस्थेचे म्हणणे लोकांपर्यंत नेणारे पुष्कळ मिळतात. लोकांचे म्हणणे संस्थेच्या अंतर्गृहात निर्भयपणे नेणारा दुर्मीळ असतो, आणि खरी किंमत त्याचीच होते.

शिक्षणाची सोय महाराष्ट्रात चांगली आहे. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधील विद्यापीठाचा वृत्तविद्या विभाग आणि मुंबईचे झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स ही त्यांतील जुनी नावे. राज्य शासनाच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाची कार्यालये जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. याखेरीज महापालिका, बँका, रुग्णालये, कारखाने आणि खासगी जनसंपर्क संस्था यांतही उमेदवारी करता येते. पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया ही व्यावसायिकांची संस्था १९५८ साली स्थापन झाली आणि २१ एप्रिल १९६८ रोजी दिल्लीच्या पहिल्या अखिल भारतीय परिषदेत तिने आचारसंहिता स्वीकारली. तो दिवस आता राष्ट्रीय जनसंपर्क दिन म्हणून पाळला जातो. उमेदवाराने ही संहिता पहिला पगार घेण्यापूर्वी वाचावी, असे मी आग्रहाने म्हणेन.

या आग्रहाचे कारण लीच्याच उत्तरायुष्यात आहे. १९१४ साली कोलोरॅडोतील लडलो येथे संपकरी खाणकामगारांच्या तंबूंवर हल्ला होऊन स्त्रिया व मुले यांच्यासह वीसच्या आसपास माणसे प्राणास मुकली. त्या खाणीच्या कंपनीत रॉकफेलर कुटुंबाचे वर्चस्व होते आणि त्यांची बाजू मांडण्याचे काम लीकडे आले. त्याने काढलेल्या पत्रकांत संपाच्या पुढाऱ्यांचे वेतन अवाच्या सवा फुगवलेले होते. पुढे चौकशी आयोगापुढे साक्ष देताना, मालकांनी दिलेली माहिती आपण स्वतः पडताळून पाहिली नव्हती, हे त्याला मान्य करावे लागले. आठ वर्षांपूर्वी बिनचूक माहितीची हमी देणारा हाच गृहस्थ! त्याची लेखणी तीच होती, अनुभव तर वाढलेला होता. सुटली होती ती केवळ पडताळणीची सवय, आणि तेवढ्याने त्याच्या नावाला जो बट्टा लागला तो अखेरपर्यंत पुसला गेला नाही.

म्हणून या व्यवसायात येणाऱ्या तरुणाला एवढेच सांगावेसे वाटते की, वरून आलेला आकडा पत्रकात घालण्यापूर्वी त्याचा मूळ कागद मागावा, शक्य तेथे जागेवर जाऊन स्वतः पाहावे, आणि जे पडताळता आले नाही त्याखाली संस्थेचे नाव घालण्यास विनयाने, पण ठामपणे नकार द्यावा. असा नकार आरंभी महाग पडतो, क्वचित नोकरीवरही बेततो. परंतु ज्याच्या पत्रकावर संपादक दुसरीकडे विचारणा न करता विश्वास ठेवतो, अशा अधिकाऱ्याची गरज प्रत्येक संस्थेला संकटाच्या दिवशी भासते, आणि तो विश्वास संकटाच्या दिवशी मिळवता येत नाही, तो आधीच्या साध्यासुध्या दिवसांत मिळवून ठेवावा लागतो.