काळ्या शेळीच्या अंगातल्या पोकळ्या

पोरांनो, ही आपली काळी शेळी दिसते तेवढी साधी नाही बरं का. हिची जात उस्मानाबादी. जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, पण शेळीचं नाव कुणी बदललं नाही. तुळजापूर, लातूर, उदगीर हा तिचा जुना मुलूख. पूर्वी हे सगळं एकाच जिल्ह्यात होतं, लातूर वेगळा निघाला तो १९८२ साली. काटक जात, आणि जुळी करडं तर तिला नेहमीचीच.

करडू जन्मलं की आपण काय करतो? नाकातोंडातला चिकटा पुसतो, गवताच्या बोळ्यानं अंग खसाखसा चोळतो. मग ते शिंकतं आणि ओरडतं. त्या एवढ्याशा वेळात त्याच्या छातीत केवढी उलथापालथ होते! पोटात असताना त्याच्या फुप्फुसात हवा नसते, पाणी असतं. पहिल्या काही श्वासांत ते पाणी रक्तात शोषलं जातं आणि बारीक बारीक पोकळ्या हवेनं फुगतात. त्या पोकळ्यांना वायुकोश म्हणतात. द्राक्षाच्या घडासारखे ते श्वासनळीच्या टोकाटोकाला लगडलेले असतात.

खाटकाकडून आणलेला फुप्फुसाचा तुकडा बादलीत टाकून पाहा, तरंगेल. कलेजीचा तुकडा तळाशी जाईल. प्राणी मेला तरी त्याच्या वायुकोशांत थोडी हवा अडकून राहते ना! आणि जे करडू पोटातच मेलं, एकदाही श्वास न घेता, त्याचं फुप्फुस सहसा बुडतं.

माणसाच्या छातीत असे तीस कोटींहून जास्त वायुकोश असतात. एकेक जेमतेम ०.२ मिलिमीटरचा, पण सगळे उलगडून पसरले तर साधारण सत्तर चौरस मीटर जागा व्यापतील, म्हणजे साडेसातशे चौरस फूट. हवेतला प्राणवायू रक्तात जायला एवढी मोठी जागा लागते, आणि छाती तर वीतभर! म्हणून निसर्गानं ती जागा कोट्यवधी पोकळ्यांत वाटून टाकली. १६६१ साली इटलीच्या मालपिघी नावाच्या वैद्यानं बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकातून त्या पाहिल्या. बिडीच्या धुरानं या पोकळ्यांच्या भिंती फाटतात, लहान लहान पोकळ्यांची मिळून एक मोठी ढिली पोकळी होते आणि ती पुन्हा सांधत नाही. आपल्या पारावर धापा टाकत बसलेले म्हातारे आठवा.

डॉक्टरांच्या पुस्तकात वायुकोशाला अल्व्हिओलस म्हणतात. लॅटिन शब्द आहे, अर्थ एवढाच की लहानशी पोकळी. गंमत म्हणजे हेच नाव त्यांनी कासेतल्या पोकळ्यांनाही दिलंय.

दूध काही सडात तयार होत नाही. कासेत आत तसेच घड असतात. पोकळीच्या आतल्या अंगाच्या पेशी रक्तातून हवं ते घेऊन दूध करतात आणि पोकळीत सोडतात. बाहेरून प्रत्येक पोकळीला बारीक स्नायुपेशींची जाळी वेढून असते. करडानं कासेला ढुशा दिल्या की निरोप मज्जातंतूंनी मेंदूत जातो, तिथून ऑक्सिटोसिन नावाचं द्रव्य रक्तात उतरतं, ते कासेपर्यंत पोचलं की ही जाळी आवळते आणि दूध खाली येतं. तुमची आजी म्हणते ना, ‘पान्हा फुटला’, तो हाच. कुत्रं अंगावर आलं किंवा धार काढणारा हात अनोळखी असला की जनावर पान्हा चोरतं. त्याला लबाड म्हणू नका. भीतीनं अंगात दुसरं द्रव्य सुटतं आणि ते ऑक्सिटोसिनचं काम अडवतं. गायीपेक्षा शेळीचं एक बरं असतं. तिच्या कासेत खालची टाकी मोठी, बरंचसं दूध आधीच तिथं उतरलेलं असतं. म्हणून तिला पान्हवायला फार खटाटोप पडत नाही.

आता तिचा ओठ उचला. घाबरू नका, चावणार नाही. वरच्या जबड्यात पुढचे दातच नाहीत, नुसती कडक गादी आहे. खाली आठ दात. बाजारात गिऱ्हाईक आधी हेच बघतं. वर्ष-सव्वा वर्षानं मधले दोन दुधाचे दात पडून रुंद दात आले की ती दोन दाती, मग चार दाती, सहा दाती. चार वर्षांच्या आसपास आठही आले की जुळली. प्रत्येक दात हाडातल्या ज्या खळग्यात बसतो, त्याचंही पुस्तकातलं नाव अल्व्हिओलसच. दात हाडाला थेट चिकटलेला नसतो, मध्ये बारीक तंतू असतात. त्यामुळे कडक दाणा चावताना बसणारा दाब ते झेलतात.

आणि दात गेला की खळग्याचं हाड हळूहळू झिजतं, कारण त्याला काम उरत नाही. माझं बोळकं बघा. कवळी पाच वर्षांपूर्वी घट्ट बसायची, आता बोलता बोलता उडते ती यामुळेच. वरच्या दातांमागं जिभेनं चाचपलं तर एक उंचवटा लागतो, तो या खळग्यांचाच कडा. ‘न’ आणि ‘ल’ म्हणताना जीभ तिथंच टेकते. म्हणून पाहा, ‘लाल नाना’. शेळीला त्याची गरज नाही. तिचं ‘बें’ घशातूनच निघतं.