येरवड्याची पेटी आणि चिमूटभर वीज

१९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचे बक्षीस लावले. अटी कडक होत्या: किंमत १५० रुपयांच्या आत, वजनाला हलका, बाईमाणसाला ८ तास सहज चालवता यावा आणि तेवढ्या वेळात १६,००० फूट सूत निघावे. बक्षीस कोणालाच मिळाले नाही. पुढच्या वर्षी मे महिन्यात मिठाच्या सत्याग्रहात पकडलेले गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात आले आणि तिथे स्वतःच चरख्याशी खटपट करू लागले. त्यातून आकाराला आलेला पेटी चरखा आजही येरवड्याच्याच नावाने ओळखला जातो.

पेटीत दोन चाके आडवी बसवलेली, एक मोठे आणि एक लहान. मोठ्या चाकाची माळ लहान चाकाला फिरवते, लहानाची माळ चातीला. वेग दोन टप्प्यांत वाढत असल्याने उभ्या चरख्याचे भलेमोठे चाक लागत नाही. मिटला की पेटी हातात धरून प्रवासाला निघावे. हाताचा जोर होता तेवढाच राहिला. तो कुठे आणि कसा खर्ची पडतो, एवढेच बदलले.

उष्णता, थरथर, उजेड, माणसाची हालचाल यांतून किंचितशी वीज वेचण्याच्या शास्त्राकडे मी याच नजरेने पाहतो. त्यातली तत्त्वे जुनीच आहेत. तापमानातल्या फरकातून वीज, हे झेबेकने १८२१ मध्ये दाखवले; स्फटिक दाबून वीज, हे क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये. शंभराहून अधिक वर्षे हे मुख्यतः प्रयोगशाळेचे आणि मोजमापाच्या उपकरणांचे काम राहिले, कारण आपल्या यंत्रांची भूक मोठी होती. ती भूक उतरली तेव्हा कॅल्क्युलेटर ट्यूबलाइटच्या उजेडावर चालू लागला.

भूक मोठीच ठेवली तर काय होते? येरवडा मेट्रो स्थानक ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाले. तिथे पावलांवर वीज देणाऱ्या फरशा बसवल्या असे धरू. ७० किलोच्या माणसाच्या पायाखाली फरशी ५ मिलिमीटर दबली, तर मिळतील जेमतेम साडेतीन ज्यूल. ५,००० मिलिअँपिअर-तासांच्या मोबाइल बॅटरीत सुमारे ६६,००० ज्यूल मावतात. म्हणजे कणभरही वाया न जाता एका चार्जिंगला जवळपास २०,००० पावले! शिवाय ही वीज फुकट नव्हे, ती चालणाऱ्याच्याच पायांतून येते. वाळूत चालताना दमायला होते तसेच. मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटनाला फरशी छान दिसते, एवढेच.

बंगळुरूच्या आर. एस. हिरेमठ यांनी बनवलेला ई-चरखा मला जास्त पटतो. चाकाला लहान जनित्र आणि बॅटरी. दोन तास सूत कातले की एलईडीचा दिवा सहा-सात तास जळतो. इथेही हाताला थोडा जास्त भार पडतोच, पण मागणी दिव्यापुरती आहे.

पुलांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवणाऱ्या संवेदकाची मागणी त्याहूनही कमी. तासातून काही वेळा, क्षणभर जागे होऊन आकडा पाठवायचा. सरासरी काही मायक्रोवॅटमध्ये भागू शकते. पुण्यात बंडगार्डनच्या नव्या पुलावरून अहोरात्र वाहने धावतात, तेव्हा थरथरीला तोटा नाही. अडचण तालाची आहे. थरथरीतून वीज काढणारी यंत्रे बहुधा एका ठरावीक कंपनसंख्येला जुळवलेली असतात. ट्रक गेला की पूल एका तालात हलतो, रिक्षा गेली की दुसऱ्या. पाषाणच्या आयसर या संशोधन संस्थेत आर. बूमिशंकर यांच्या गटाने अशा कामाला लागणाऱ्या लवचीक, दाबले की वीज देणाऱ्या फेरोइलेक्ट्रिक पदार्थांवर संशोधन केले आहे. तूर्त मी कठड्यावरच्या संवेदकाला सरळ सौर पट्टी लावीन आणि थरथरीची वीज पुलाच्या खालच्या अंगासाठी राखीन, जिथे ऊन पोचत नाही आणि बॅटरी बदलायला दरवेळी परांची बांधावी लागते.