राज्यपालांच्या नांवानें

सरकारी निर्णयाचा एखादा कागद ज्यांनीं वाचला असेल, त्यांनीं त्याच्या तळाशीं 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नांवानें' हे शब्द पाहिलेच असतील. शाळेस मिळावयाचें अनुदान असो कीं एखाद्या कारकुनाची बदली असो, हुकूम निघतो तो या नांवानें. तो आदेश खरोखर राज्यपालांनीं स्वतः दिलेला असतो काय, असा प्रश्न चौकस विद्यार्थ्यास पडल्याशिवाय राहणार नाहीं. त्याचें उत्तर देण्यासाठीं आम्हांस साडेतीनशें वर्षें मागें गेलें पाहिजे. कारण हें पद मुंबईच्या जुन्या गव्हर्नरांच्या परंपरेंतूनच आलें आहे.

मुंबई बेट १६६१ च्या विवाहकरारानें पोर्तुगीजांनीं इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यास आंदण दिलें. राजानें तें १६६८ सालीं वार्षिक १० पौंड खंडानें ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वाधीन केलें. (तेवढ्या रकमेंत आज मुंबईंत काय मिळतें, हें पालकांस सांगावयास नको.) कंपनीचें मुख्य ठाणें तेव्हां सुरतेस होतें, तें १६८७ सालीं मुंबईस आलें. गव्हर्नर म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें एखादा सुभेदार उभा राहतो. पण हा होता व्यापाऱ्यांचा नोकर. त्याच्या जोडीस कौन्सिल असे, निर्णय बहुमतानें होत, आणि विलायतेंतील डायरेक्टरांस प्रत्येक गोष्टीचा जाब द्यावा लागे.

या अधिकाराची मोठी कसोटी आपल्याच भूमीवर लागली. १७७३ सालीं पार्लमेंटनें रेग्युलेटिंग ॲक्ट करून बंगालच्या गव्हर्नरास गव्हर्नर-जनरल केलें, व त्याच्या संमतीवांचून मुंबई आणि मद्रास येथील सरकारांनीं युद्ध वा तह करूं नये, अशी अट घातली. कायद्याची शाई वाळते न वाळते तोंच मुंबईचे गव्हर्नर हॉर्नबी व त्यांचें कौन्सिल यांनीं १७७५ सालीं राघोबादादांशीं सुरतेचा तह केला. दादांस पेशवाई मिळवून द्यावी व त्याबद्दल साष्टी आणि वसई घ्यावी, असा तो सौदा. कलकत्तेकरांनीं हा तह अमान्य केला व कर्नल अप्टन यांस पाठवून १७७६ सालीं पुरंदरचा दुसराच तह करविला. तिकडे डायरेक्टरांनीं तर सुरतेचाच तह पसंत केला! एकाच कंपनीचीं हीं तीन तोंडें पाहून नाना फडणविसांस काय वाटलें असेल, याची वाचकांनींच कल्पना करावी. पुढें मुंबईची फौज दादांस घेऊन पुण्याकडे निघाली, ती १७७९ च्या जानेवारींत वडगांव येथें मराठ्यांच्या कोंडींत सांपडली व मानहानीचा करार करून सुटली. शेवटीं १७८२ च्या सालबाईच्या तहानें युद्ध मिटलें.

१७९३ च्या कायद्यानें कौन्सिलचें बहुमत बाजूस सारण्याचा अधिकार गव्हर्नरास मिळाला. हा अधिकार कोणाच्या हातीं पडतो यावर रयतेचें बरेंवाईट अवलंबून राहिलें. १८१९ पासून १८२७ पर्यंत गव्हर्नर असलेले एल्फिन्स्टनसाहेब विचारी होते. पुण्यास १८२१ सालीं संस्कृत पाठशाळा त्यांच्याच काळांत निघाली, व प्रांताच्या कायद्यांची संहिता १८२७ सालीं झाली. परंतु चांगला मनुष्य लाभणें हा दैवयोग. ती कांहीं राज्यव्यवस्था नव्हे. पावसाळ्यांत गव्हर्नर पुण्यास गणेशखिंडींतील ज्या वाड्यांत राहत, तेथें १९४९ पासून विद्यापीठ नांदत आहे. हा बदल आम्हांस फार समर्पक वाटतो.

लोकांनीं निवडलेल्या प्रतिनिधींचा खरा संबंध आला तो १९३५ च्या कायद्यानें. त्यानें प्रांतांस स्वायत्तता दिली, पण गव्हर्नराच्या हातीं 'विशेष जबाबदाऱ्या' ठेवल्या. १९३७ च्या निवडणुकींत यशस्वी झालेल्या काँग्रेसनें, गव्हर्नर हे अधिकार ऊठसूट वापरणार नाहींत असें आश्वासन मागितलें. तें न मिळाल्यामुळें मुंबईंत कांहीं महिने धनजीशा कूपर यांचें अल्पमताचें मंत्रिमंडळ होतें. व्हाइसरॉयांच्या खुलाशानंतर जुलैमध्यें बाळासाहेब खेर यांनीं सूत्रें घेतलीं. १९३९ सालीं महायुद्धाच्या प्रश्नावर त्यांनीं राजीनामा दिला, आणि कायद्याच्या ९३ व्या कलमाखालीं १९४६ पर्यंत प्रांताचा सर्व कारभार एकट्या गव्हर्नराच्या हातीं गेला. मंत्र्यांवांचून गव्हर्नर म्हणजे काय, हें त्या पिढीनें जवळून पाहिलें.

हा अनुभव घटनासमितीच्या स्मरणांत ताजा होता. राज्यपाल लोकांनीं निवडावा असें तिनें १९४७ सालीं ठरविलें होतें. परंतु लोकनियुक्त मुख्यमंत्री व लोकनियुक्त राज्यपाल यांचा झगडा होईल, म्हणून १९४९ सालीं तो विचार सोडून राष्ट्रपतींनीं त्यांची नेमणूक करावी असें ठरलें. घटनेच्या १६३ व्या कलमाप्रमाणें राज्यपालांनीं मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानें वागावयाचें असतें, आणि १९७४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तोच अर्थ स्पष्ट केला. म्हणजे नांव राज्यपालांचें, निर्णय मंत्र्यांचा, व मंत्री विधानसभेस जबाबदार.

कोणत्याच पक्षास स्पष्ट बहुमत नसेल, तर सरकार बनविण्यास कोणास पाचारण करावें, यासारखे थोडे प्रसंग मात्र राज्यपालांच्या विवेकावर राहिले आहेत, आणि वाद माजतात ते येथेंच. बहुमताची परीक्षा राजभवनांत नव्हे, सभागृहांत व्हावी, असें न्यायालयानें १९९४ सालीं सांगितलें. परंतु ती परीक्षा केव्हां घ्यावी हा प्रश्न उरलाच. महाराष्ट्राच्या राज्यपालांनीं २०२२ सालीं विश्वासमत घेण्याचा जो आदेश दिला होता, त्यास पुरेसा आधार नव्हता, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें २०२३ च्या मे महिन्यांत दिला. मात्र तत्पूर्वींच मुख्यमंत्र्यांनीं राजीनामा दिला असल्यामुळें जुनें मंत्रिमंडळ पुनः आणतां येत नाहीं, असेंहि त्याच निकालांत म्हटलें आहे.