विश्लेषण : घरच्या घरी गाडी उंच करणारे ‘बॉडी लिफ्ट किट’ काय असते? ते आपल्याकडे चालते का?

घरासमोर उभा पिकअप ट्रक, एक जॅक, पान्यांचा संच आणि मदतीला दोन मित्र. सकाळी सुरू झालेले काम संध्याकाळी संपते आणि ट्रक तीन इंच उंच दिसू लागतो. अमेरिकेतील हौशी गाडीमालकांचे असे व्हिडिओ आपल्याकडेही आवडीने पाहिले जातात. दारात थार, जिम्नी किंवा व्ही-क्रॉस असेल, तर आपणही करून बघावे असा मोह होतो. पण या कामात गाडीचा नेमका कोणता भाग उचलला जातो आणि आपला कायदा त्याबद्दल काय सांगतो?

बॉडी लिफ्ट म्हणजे काय?

काही गाड्यांमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि चाके एका मजबूत लोखंडी चौकटीवर, म्हणजे लॅडर चॅसिसवर बसवलेली असतात. केबिन आणि हौदा या चौकटीवर रबरी माउंट व बोल्टने वेगळे जोडलेले असतात. बॉडी लिफ्टमध्ये चौकट आणि बॉडी यांच्यामध्ये नायलॉन, पॉलियुरेथेन किंवा अ‍ॅल्युमिनियमचे ठोकळे घालून लांब बोल्ट लावतात. अमेरिकेत मिळणारी किट साधारण एक ते तीन इंचांची असतात.

थार, बोलेरो, स्कॉर्पिओ-एन, जिम्नी, फॉर्च्युनर, हायलक्स या लॅडर चॅसिसच्या गाड्या आहेत. क्रेटा, ब्रेझा किंवा एक्सयूव्ही ७०० यांची बॉडी आणि सांगाडा एकच असतो. तिथे असा ठोकळा घालायला जागाच नसते.

ग्राउंड क्लीअरन्स वाढतो का?

इथेच सर्वाधिक गैरसमज आहे. बॉडी वर जाते. चॅसिस, अ‍ॅक्सल आणि डिफरन्शियल आहे तिथेच राहतात. दगडाला आधी घासतात ते हेच भाग. म्हणजे नुसत्या बॉडी लिफ्टने ग्राउंड क्लीअरन्स वाढत नाही, फक्त चाकाच्या वर मोठ्या टायरसाठी जागा होते.

टायर ३० इंचांऐवजी ३३ इंचांचा घातला, तर अ‍ॅक्सल त्याच्या निम्म्याने, म्हणजे दीड इंच वर येतो. सोबत दुसरा हिशेबही बदलतो. टायर १० टक्के मोठा झाला, की स्पीडोमीटरवर ८० दिसत असताना गाडी प्रत्यक्षात ८८च्या आसपास धावत असते. मोठे, जड चाक थांबवताना ब्रेकवर जास्त ताण येतो. बॉडीचे वजन वर गेल्याने वळणावर गाडी अधिक झुकते. सस्पेन्शन लिफ्ट हा वेगळा प्रकार आहे. त्यात स्प्रिंग व शॉकअ‍ॅब्सॉर्बरमध्ये बदल करून चॅसिसच उचलली जाते.

घरी हे काम कसे करतात?

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढतात आणि चाकांना उटी लावतात. मग एका बाजूचे बोल्ट काढून दुसऱ्या बाजूचे फक्त सैल करतात. जॅक आणि पत्रा यांच्यामध्ये जाड लाकडी फळी ठेवून बॉडी थोडी थोडी उचलतात. ठोकळे बसवून बोल्ट हाताने लावले, की दुसरी बाजू घेतात. दोन्ही बाजू झाल्यावरच टॉर्क रेंचने, किटसोबत दिलेल्या मापाइतके बोल्ट आवळतात. काही दिवस गाडी चालवल्यावर ते पुन्हा तपासावे लागतात.

चुकते कुठे?

बॉडी आणि चॅसिस यांना जोडणारी प्रत्येक गोष्ट त्या तीन इंचांनी ताणली जाते. यात ब्रेकचे पाइप, अर्थिंगच्या वायरी, डिझेल भरण्याची नळी आणि गिअरचा दांडा येतो. रेडिएटर बॉडीसोबत वर जातो, पण इंजिनावरचा पंखा खालीच राहतो आणि कव्हरला घासू शकतो.

सर्वांत नाजूक जोड स्टिअरिंगच्या शाफ्टचा. तो पुरेसा आत बसला नाही, तर चालत्या गाडीत सुटू शकतो. शाफ्ट काढलेला असताना कोणी स्टिअरिंग फिरवले, तर एअरबॅगकडे जाणारी गुंडाळीची वायर तुटू शकते. पावसाळी किंवा खाऱ्या हवेतल्या गाड्यांचे गंजलेले बोल्ट पत्र्यातल्या नटासह फिरू लागतात आणि काम अर्ध्यावर अडकते. शिवाय लांब बोल्टवर धडकेच्या वेळी वाकवणारा जोर जास्त येतो.

कायदा काय सांगतो?

अमेरिकेत उंचीचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. भारतात मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही. सीएनजीसारखा इंधनबदल किंवा दिव्यांगांसाठीचे बदल यांना नियमांनुसार वाट आहे; हौसेच्या बॉडी लिफ्टला तशी वाट नाही. केरळमधून आलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली.

त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२-ए अंतर्गत बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघाताचा दावा अडण्याचे कारण ठरू शकतो. दंडापेक्षा ही रक्कम कितीतरी मोठी असते.

जुनी गाडी घेताना काय पाहावे?

किट स्वतः लावले नाही, तरी आधीच्या मालकाने लावलेले गळ्यात पडू शकते. नोंदणी मालकाच्या नावावर होते, तेव्हा बदलाचे उत्तरही त्यालाच द्यावे लागते. म्हणून व्यवहाराआधी एवढे तपासा :

- चाकाच्या वरच्या पोकळीतून चॅसिसची चौकट उघडी दिसते का?
- बंपर आणि बॉडी यांच्यात नेहमीपेक्षा जास्त फट आहे का?
- गाडीखाली रबरी माउंटसोबत वेगळे ठोकळे दिसतात का?
- टायरचे माप दाराजवळच्या कंपनीच्या स्टिकरशी जुळते का?

खराब रस्त्यासाठीच तयारी हवी असेल, तर कंपनीने मान्य केलेल्या मापातच ऑल-टेरेन टायर घेता येतात. त्यासाठी गाडीचा एकही बोल्ट सैल करावा लागत नाही.