बाईचं शरीर ‘उणं’ नसतं

चैत्र यात्रेत जोतिबाचा डोंगर गुलालाने माखतो. सासनकाठ्या नाचतात, ‘चांगभलं’चा गजर होतो आणि पालखी यमाईच्या देवळाकडे निघते. यमाई म्हणजे रेणुकाच, अशी इथली श्रद्धा. याच रेणुका-यल्लमाच्या भक्तीत साडी नेसून, कपाळाला भंडारा लावून, डोक्यावर देवीचा जग घेणारे जोगतेही कोल्हापूर भागाला ओळखीचे आहेत. देवीच्या नावाने लोक त्यांच्या पाया पडतात. तोच जोगता एरवी बाजारात दिसला, तर त्याची टिंगल होते. पुरुषाने बाईपण घेतलं की तो ‘कमी’ झाला, हा समज या टिंगलीमागे असतो.

या समजाला एकेकाळी मानसशास्त्राचाही आधार मिळाला होता. मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड याने १९२५ च्या लेखात असं मांडलं, की आपल्याला मुलासारखा अवयव नाही, हे उणेपण मुलीच्या मनात घर करतं. मुलगा मात्र तो गमावण्याच्या भीतीत वाढतो. म्हणजे मोजपट्टी पुरुषाची आणि बाई त्यात तोकडी.

कोलकात्याचे डॉक्टर गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था सुरू केली. त्यांचा फ्रॉइडशी पत्रव्यवहार होता. भारतीय रुग्णांत ही भीती युरोपातल्याइतकी ठळक दिसत नाही, उलट पुरुषाच्या मनात खोलवर स्त्री होण्याची इच्छाही असते, असं त्यांनी कळवलं. फ्रॉइडला ते पूर्ण पटलं नाही. पण कारेन हॉर्नाय या जर्मन डॉक्टर बाईंनीही १९२६ मध्ये दाखवून दिलं, की मुलांनाही गर्भारपणाचा, आईपणाचा हेवा वाटतो. पुढे १९७४ मध्ये लूस इरिगारे या फ्रान्समधल्या तत्त्वज्ञ बाईंनी मुळावरच बोट ठेवलं. पाश्चात्त्य विचाराला एकच लिंग ठाऊक आहे, बाईचं वर्णन तो ‘जे पुरुषाकडे आहे ते नसलेली’ असंच करतो, असं त्या म्हणाल्या.

मराठीला हा वाद नवा नाही. ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून बाईला लावली जाणारी दूषणं पुरुषांच्या पदरात टाकली, तेव्हा फ्रॉइड नुकताच डॉक्टर झाला होता.

शरीरशास्त्रही याच चुकीतून गेलं. गर्भात पहिले सुमारे सहा आठवडे मुलगा-मुलगी यांची जननेंद्रियं सारखीच असतात; दोन्ही प्रकारच्या नलिका प्रत्येक गर्भात असतात. वृषण घडवण्याची सुरुवात करणारं ‘एसआरवाय’ हे जनुक १९९० मध्ये सापडलं. ते नसलं की आपोआप मुलगी होते, असं बराच काळ शिकवलं गेलं. पुढे कळलं, की अंडाशय घडवायलाही वेगळी जनुकं झटत असतात. मुलगी ही ‘न झालेला मुलगा’ नाही. ती स्वतंत्र घडण आहे.

याचा संबंध रोजच्या जगण्याशी आहे. बाईचं शरीर उणं मानलं, की तिचं दुखणंही ‘बायकांचं असतंच’ म्हणून अंगावर काढलं जातं. मुली झाल्या म्हणून आईला बोल लावला जातो. प्रत्यक्षात मूल मुलगा की मुलगी, हे पित्याच्या शुक्रजंतूवर ठरतं.

आणि एखाद्या मुलाची चाल-बोली बायकी वाटली, तर घरचे त्याला मारतात, देवऋषाकडे नेतात किंवा देवीला सोडतात. बायकी वागणं हा आजार नाही. स्वतःचं लिंगभान जन्माच्या नोंदीपेक्षा वेगळं असणंही मानसिक विकार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आजारांच्या वर्गीकरणात ते मानसिक विकारांतून वगळलं आहे. अशा मुलाला आधी घरच्यांनी ऐकून घ्यावं. तो उदास असेल, शाळा टाळत असेल, जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलत असेल, तर उशीर न करता मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावं. तिथे त्याला ‘पुरुष’ करून मागायचं नाही. उपचार त्याच्या दुःखावर करायचे असतात.